मोटारसायकलचा तिटकारा असलेला स्कूटरचा जनक

सोलापूर : रविवारी सकाळी उन्हे चढण्यापूर्वी साखर पेठ, मुरारजी पेठ किंवा रेल्वे लाइन्स भागातील एखाद्या गल्लीतून फेरफटका मारला, तर अजूनही अधूनमधून एक जुने दृश्य नजरेस पडते. दारासमोर पोते अंथरलेले असते. त्यावर पाने, पक्कड आणि प्लग खोलण्याचा बॉक्स पाना मांडलेला असतो. शेजारी स्टँडवर लावलेली जुनी बजाज स्कूटर असते. तिचे उजव्या बाजूचे फुगीर झाकण काढून भिंतीला टेकवलेले असते आणि घरातील कोणीतरी उकिडवे बसून काळा पडलेला प्लग पॉलिश पेपरने घासत असते. गाडीवर नाव बजाजचे असले आणि ती आकुर्डीच्या कारखान्यातून आलेली असली, तरी तिचा सांगाडा, इंजिनची जागा, मुठीवरचा गिअर हे सारे इटलीतील एका अभियंत्याच्या डोक्यातून उतरलेले आहे. त्या अभियंत्याचे नाव कोरादिनो दास्कानियो.

दास्कानियो यांना मोटारसायकल मुळीच आवडत नसे. ते आयुष्यभर हेलिकॉप्टरच्या मागे लागले होते. स्कूटर हे त्यांच्या दृष्टीने मधल्या काळात हाती आलेले एक काम होते. जगाने मात्र त्यांना त्याच कामासाठी लक्षात ठेवले. हवेत उडण्याच्या त्यांच्या ध्यासाची फारशी आठवण कोणी ठेवली नाही.

पोपोली ते पेस्कारा

रोमच्या पूर्वेला आब्रुत्सो नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील पोपोली या लहानशा गावी १ फेब्रुवारी १८९१ रोजी दास्कानियो यांचा जन्म झाला. त्यांच्या बारा-तेराव्या वर्षी अमेरिकेत राइट बंधूंनी विमान उडवले. युरोपातील असंख्य मुलांप्रमाणे या मुलालाही त्या बातमीने झपाटले. पक्ष्यांचे वजन आणि त्यांच्या पंखांचा विस्तार यांचे गणित तो मांडू लागला. पंधराव्या वर्षी त्याने स्वतः एक ग्लायडर तयार केले आणि गावाजवळच्या टेकडीवरून ते उडवण्याचे प्रयोग केले.

पुढे तुरीनच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १९१४ मध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. दास्कानियो लष्कराच्या विमानदलात दाखल झाले आणि इंजिनांच्या चाचण्यांचे काम त्यांच्याकडे आले. रोटरी इंजिनांचा अभ्यास करण्यासाठी त्यांना फ्रान्सलाही धाडण्यात आले. त्या काळची विमाने लाकूड, कापड आणि तारांची असत. ती सतत बिघडत आणि पुढच्या उड्डाणापूर्वी भर मैदानात, मिळेल त्या हत्यारांनी दुरुस्त करावी लागत. यंत्र चांगले की वाईट हे त्याच्या वेगावर ठरवायचे नसते, वेळ पडली तर ते किती लवकर उघडता येते यावर ठरवायचे असते, हा धडा त्यांना याच काळात मिळाला असावा. त्यांच्या नंतरच्या कामात तो पदोपदी दिसतो.

युद्धाच्या अखेरीस पोमिलिओ या विमान कंपनीबरोबर ते अमेरिकेत इंडियानापोलिस येथे गेले. तेथे फार काळ न रमता १९१९ मध्ये ते मायदेशी परतले आणि गावी स्वतंत्र अभियंता म्हणून काम करू लागले. पोटापाण्याची कामे चालू होती. डोक्यात मात्र जागच्या जागी सरळ वर उठणारे यंत्र घोळत होते. ती कल्पना लिओनार्दो दा विंची यांच्या काळापासून कागदावर होती, पण विश्वासाने उडेल असे यंत्र अद्याप कोणाला साधले नव्हते. १९२५ मध्ये पिएत्रो ट्रोयानी या सरदाराने पैसा पुरवण्याची तयारी दर्शवली आणि दोघांनी मिळून कंपनी काढली. यंत्रांना दोघांच्या आडनावांवरून डी.ए.टी. हे नाव मिळाले.

पहिली दोन यंत्रे फसली. तिसऱ्यात दास्कानियो यांनी एकाच आसावर एकावर एक अशा दोन मोठ्या पात्यांच्या जोड्या बसवल्या आणि त्या परस्परविरुद्ध दिशांना फिरत्या ठेवल्या. एकच पाते फिरवले तर खालचे धड उलट्या दिशेने गरगरू लागते, ही हेलिकॉप्टरची मूळ अडचण. दोन जोड्यांनी ती एकमेकींत जिरवली. पात्यांच्या मागच्या कडेला लहान पट्ट्या लावून पात्यांचा कोन उडत असतानाच बदलण्याची सोय केली. दिशा सांभाळण्यासाठी बाजूंना छोटे पंखे होते.

ऑक्टोबर १९३० मध्ये रोमजवळच्या चांपिनो विमानतळावर वैमानिक मारिनेल्लो नेल्ली यांनी हे यंत्र उडवले. ते ८ मिनिटे ४५ सेकंद हवेत राहिले, त्याने १,०७८ मीटर अंतर कापले आणि १८ मीटरची उंची गाठली. आज लग्नसमारंभात चित्रीकरण करणारा ड्रोनही याहून उंच जातो. पण त्या दिवशी हे तिन्ही आकडे जागतिक विक्रम होते आणि पुढे काही वर्षे ते अबाधित राहिले. सोलापूरकरांना त्या वर्षाची खूण वेगळी आहे. त्याच वर्षी मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारण्यात आला होता.

विक्रम झाले, पैसा मात्र आला नाही. जागतिक मंदी सुरू होती आणि इटलीच्या सरकारचा हेलिकॉप्टरवर विश्वास बसला नव्हता. १९३२ मध्ये दास्कानियो यांनी पियाज्जो या कंपनीत नोकरी धरली. १८८४ मध्ये जिनोआजवळ सुरू झालेली ही कंपनी आधी जहाजांचे अंतर्गत काम, मग रेल्वेचे डबे आणि पुढे विमाने बनवू लागली होती. तेथे दास्कानियो यांनी उडत्या विमानात कोन बदलता येणारे पंखे विकसित केले आणि त्यावर कंपनीने चांगले बस्तान बसवले. पिसा विद्यापीठातही त्यांनी बरीच वर्षे यंत्ररचना शिकवली. हेलिकॉप्टरचे आराखडे त्यांनी याही काळात बाजूला ठेवले नव्हते.

बॉम्बने उद्ध्वस्त कारखान्यात

दुसऱ्या महायुद्धात पियाज्जोचा पोंतेदेरा येथील कारखाना मोठी बॉम्बर विमाने बनवीत होता. साहजिकच दोस्तांच्या विमानांनी त्याला लक्ष्य केले आणि कारखाना जमीनदोस्त झाला. युद्ध संपले तेव्हा हरलेल्या इटलीला विमाने बनवण्याची मुभा उरली नव्हती. हजारो कामगार बसून होते, रस्ते उखडलेले होते आणि मोटार घेण्याइतका पैसा सामान्य माणसाकडे नव्हता. संस्थापकांचे चिरंजीव एन्रिको पियाज्जो यांनी स्वस्त दुचाकी काढण्याचे ठरवले. कंपनीतील दुसऱ्या अभियंत्यांनी एक नमुना बनवलाही. त्याला कामगारांनी डोनाल्ड डकच्या इटालियन नावावरून पापेरिनो म्हणण्यास सुरुवात केली. त्या गाडीत दोन पायांच्या मधोमध इंजिनचा उंचवटा होता. एन्रिको यांना ती पसंत पडली नाही आणि त्यांनी नव्याने आराखडा करण्याचे काम दास्कानियो यांच्याकडे सोपवले.

ज्या माणसाला मोटारसायकल आवडत नाही त्यालाच दुचाकी बनवायला सांगणे, ही निवड वरकरणी विचित्र होती. तीच फळाला आली. दास्कानियो यांनी आपल्या नावडीचीच यादी केली. मोटारसायकलवर टांग टाकून बसावे लागते, तेव्हा स्त्रिया आणि झग्यातले पाद्री बसणार कसे? साखळीचे ग्रीस कपड्यांना लागते. चाक पंक्चर झाले की साखळी, आस आणि आरे सगळ्यांशी झटावे लागते. इंजिन उघडे असल्याने चिखल उडतो, पायाला चटका बसतो. गिअर पायाने टाकायचा म्हणजे बुटाची वाट लागते.

मग एकेका तक्रारीवर त्यांनी विमानाच्या कारखान्यातील उत्तर शोधले. नळ्यांची चौकट काढून टाकली आणि विमानाच्या धडाप्रमाणे दाबलेल्या पोलादी पत्र्याचे अंगच भार पेलणारे केले. इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला, चाकाला थेट जोडले. त्यामुळे साखळीचे कामच उरले नाही. पुढचे चाक दोन्ही बाजूंनी चिमट्यात न धरता, विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूच्या दांड्यावर बसवले. एक बाजू मोकळी असल्याने मोटारीसारख्या नट काढून चाक हातात घेता येऊ लागले. गिअर डाव्या मुठीवर आला. समोर पाय झाकणारी ढाल आली आणि मधला भाग मोकळा राहिला.

२३ एप्रिल १९४६ रोजी या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. इंजिन ९८ सीसीचे, ताकद ३.२ अश्वशक्ती, वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर. बारीक कंबर आणि गुणगुणता आवाज पाहून एन्रिको पियाज्जो यांना गांधीलमाशी आठवली आणि गाडीचे नाव व्हेस्पा पडले. पहिल्या वर्षी अडीच हजारही गाड्या खपल्या नाहीत. दहा वर्षांनी, १९५६ मध्ये, दहा लाखावी व्हेस्पा कारखान्याबाहेर पडली. दरम्यान १९४८ मध्ये याच यंत्रावर मागे दोन चाके आणि सामानाचा हौदा जोडून पियाज्जोने तीनचाकी आपे काढली. तिच्याही रचनेत दास्कानियो यांचा हात होता.

आकुर्डी, सातारा आणि सोलापूर

भारतात व्हेस्पा आली ती १९४८ च्या सुमारास, बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या बजाज समूहाच्या कंपनीमार्फत. अहमदनगरचे नवलमल फिरोदिया यांना परदेशी मासिकातील तीनचाकी मालगाडीचे चित्र पाहून वेगळीच कल्पना सुचली. माणसाने माणसाला ओढण्याची रिक्षा बंद व्हावी असे वातावरण तेव्हा मुंबई राज्यात होते. मालाच्या हौद्याच्या जागी प्रवाशांचे आसन बसवले तर काम भागेल, हे त्यांनी हेरले आणि त्यासाठी सरकारदरबारी पाठपुरावा केला. पुण्याच्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा आली ती अशी. इटालियन यंत्रात महाराष्ट्राने केलेला हा बहुधा सर्वांत मोठा फेरबदल. सोलापूरच्या स्टेशनबाहेर आज रांगेत उभ्या असणाऱ्या रिक्षांचे मूळही तेथपर्यंत जाते.

१९६० नंतर पियाज्जोच्या परवान्याखाली बजाज ऑटोने आकुर्डीत व्हेस्पा १५० चे उत्पादन सुरू केले. परवान्याची मुदत १९७१ मध्ये संपली. रचना तीच ठेवून बजाजने १९७२ मध्ये चेतक आणली आणि राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मध्यमवर्गीयांच्या दारात उभे राहिले. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या सातारा येथील कारखान्यातून प्रिया निघू लागली. मागणी इतकी होती की, नोंदणी केल्यावर गाडी मिळायला वर्षानुवर्षे लागत. लग्न ठरले की नोंदणीची पावती कोणाच्या नावावर आहे, याचीही चौकशी होई.

सोलापूर हे त्या वेळी गिरण्यांचे आणि मागांचे शहर होते. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू यांच्या भोंग्यांवर शहराची घड्याळे लागत. गिरण्यांतील फिटर, यंत्रमागाचे जॉबर, लेथवाले अशी यंत्रावर हात बसलेली माणसे घरोघरी होती. दिवसभर धोट्याची ठोक आणि पट्ट्याचा ताण जुळवणाऱ्या माणसाला क्लचची तार ओढून घेणे अवघड नव्हते. दास्कानियो यांची गाडी अशा शहराच्या हाती पडली, हा योगच म्हणावा लागेल. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. हातातली कसब मात्र एका पिढीत जात नाही.

अंगणातले काम

जुनी स्कूटर घरी सांभाळायची तर आवश्यक साहित्य फार नाही. चार-पाच पाने, प्लगचा बॉक्स पाना, पेचकस, फटी मोजण्याचे गेज आणि थोडा संयम पुरतो. टू-स्ट्रोक इंजिनात वेगळे ऑइल पंपाने फिरत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि त्याबरोबर जळते. त्याचा कार्बन प्लगवर, पिस्टनच्या माथ्यावर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी साचतो. गाडी चढावर दम तोडू लागली, तर इंजिन उघडण्याआधी सायलेन्सर काढून पाहणे शहाणपणाचे असते. अर्धे दुखणे तेथेच असते. हात सैल सोडून भरपूर ऑइल ओतणारे लोक गाडीवर माया करीत नाहीत, तिचा श्वास कोंडतात. ऑइल कमी पडले तर मात्र पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मग बोअर करून घेण्याखेरीज मार्ग नाही. म्हणून पंपावर अंदाजाने न ओतता माप वापरावे.

सकाळी चालू न होणारी स्कूटर बाजूला तिरपी करून मग किक मारण्याची पद्धत भारतभर आहे. पुष्कळांनी ती वडिलांकडून शिकून घेतली, कारण कोणी सांगितले नाही. तिरपे केल्याने कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उसळते आणि थंड इंजिनाला थोडे दाट मिश्रण मिळते. रोज तिरपी करावी लागत असेल तर दोष सवयीचा नसतो. जेट, चोकची तार किंवा प्लग पाहावा लागतो. जुन्या गाड्यांत ठिणगी पॉइंट आणि कंडेन्सरवर चालते. फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट दिसतात आणि त्यांची साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतली फट गेजने जुळवता येते. त्यासाठी फ्लायव्हील उतरवावे लागत नाही.

त्याच फ्लायव्हीलला पंख्याची पाती आहेत. सिलिंडर पत्र्याच्या आवरणात असतो आणि हा पंखा त्यावर सतत हवा सोडतो. त्यामुळे गर्दीत जागेवर उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिनही तगते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर चढतो अशा सोलापुरात या पंख्याचे मोल वेगळे सांगायला नको. आवरणाचा पत्रा सुटला म्हणून काढून ठेवणारे काही महाभाग असतात. पत्रा काढला की हवा भलतीकडे जाते आणि इंजिन लवकर तापते. तो पत्रा शोभेचा नाही.

पंक्चर झाले तर दास्कानियो यांची खरी करामत कळते. पाच नट सोडवले की चाक हातात येते आणि स्टेपनी बसते. पुढचे, मागचे आणि स्टेपनीचे चाक एकच. साडी नेसलेल्या किंवा कार्यालयात निघालेल्या माणसालाही हे काम दहा मिनिटांत जमते. रिम दोन अर्ध्या पत्र्यांची, मधल्या नटांनी जोडलेली असते. टायर उतरवायला त्यामुळे पहारी लागत नाहीत. येथे एक खबरदारी अत्यावश्यक आहे. ट्यूबमधली सगळी हवा काढल्याशिवाय ते मधले नट सोडू नयेत. दाबाखालची रिम उघडली तर पत्रा अंगावर उडतो.

इंजिन पूर्ण उतरवणेही वाटते तितके अवघड नाही. एक लांब आडवा बोल्ट, शॉकॲब्सॉर्बरचा एक बोल्ट, गिअर, क्लच आणि ब्रेकच्या तारा, पेट्रोलची नळी आणि विजेच्या वायरी सोडवल्या की इंजिन, गिअर आणि मागचे चाक असा सगळा ऐवज एकत्र वेगळा होतो. क्लचच्या प्लेट बदलण्यासाठी मात्र दाबाचे खास हत्यार लागते. ते नसताना स्प्रिंगशी झटापट करण्यापेक्षा मेकॅनिककडे जावे. बोअरिंग, क्रँक जुळवणे आणि बेअरिंग ठोकणे हीदेखील घरची कामे नव्हेत.

रचनेत उणिवा होत्या, त्या झाकण्यात अर्थ नाही. इंजिन एका अंगाला असल्याने गाडी जन्मतःच उजवीकडे कलते. चाके लहान असल्याने खड्डा हाडापर्यंत पोहोचतो, आणि सोलापुरात खड्ड्यांची उणीव कधीच नव्हती. पुढचा ब्रेक भरवशाचा म्हणता येत नाही. पत्र्याचे अंगच सांगाडा असल्याने पायाखालचा पत्रा गंजला तर केवळ रूप जात नाही, गाडीचा कणाच जातो. येथे मुंबईच्या खाऱ्या हवेपेक्षा सोलापूरची कोरडी हवा गाडीला मानवते. तरी रबरी मॅटखाली साचलेले पाणी कोणत्याही हवेत पत्रा खाते. वर्षातून एकदा तरी मॅट उचलून पाहावी. गंजलेल्या जागी नुसती लांबी भरून रंग मारणे ही स्वतःचीच फसवणूक ठरते.

अलीकडे नवी डोकेदुखी पेट्रोलच्या नळीतून आली आहे. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले आहे. हे इथेनॉल उसापासूनही बनते आणि सोलापूर हा साखर कारखान्यांचाच जिल्हा आहे. पण साठ-सत्तरच्या दशकातील रबरी नळ्या आणि वॉशर या इंधनासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. नव्या इंधनाला टिकणारी नळी बसवणे आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करणे, एवढी काळजी घेतली तर जुनी गाडी हे इंधनही पचवते.

फेरबदलांचा इतिहासही मोठा आहे. सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा बारा व्होल्टचा करणे, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे, जुन्या अंगात नंतरच्या चेतकचे इंजिन घालणे हे प्रकार सर्रास होतात. पहिले दोन बदल गाडीच्या हिताचे आहेत. इंजिन बदलले तर त्याची नोंद आरटीओत करावी लागते, हे पुष्कळजण विसरतात. एके काळी कुटुंब वाढले की बाजूला साइडकार जोडली जाई. मागच्या बाजूला दोन जादा चाके जोडलेली स्कूटर तर असंख्य अपंग व्यक्तींचे पाय बनली. कारखान्याने दिलेल्या रचनेत मनमानी बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ती मनाई अधोरेखित केली. अपंगांसाठीच्या वाहनांना मात्र परवानगी घेऊन असा बदल करता येतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर आहेच. इतके सोपस्कार करूनही गाडी ठेवणारा माणूस हिशेबाने ठेवत नसतो, हे उघड आहे.

बजाजने २००९ च्या अखेरीस स्कूटरचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. नंतर चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर परत आले. पियाज्जोने स्वतः २०१२ मध्ये बारामतीच्या कारखान्यातून व्हेस्पा पुन्हा भारतीय बाजारात आणली. तिचे अंगही पोलादी पत्र्याचेच आहे, गिअर मात्र मुठीवर राहिला नाही.

पुन्हा हेलिकॉप्टर

व्हेस्पाच्या यशाने दास्कानियो यांना हेलिकॉप्टरसाठी मोकळीक मिळेल असे वाटले होते. युद्धानंतर त्यांनी पियाज्जोत पुन्हा काम सुरू केले. तोवर अमेरिकेत इगोर सिकोर्स्की यांची हेलिकॉप्टरे सैन्यात दाखल झाली होती. १९३० मध्ये आघाडीवर असलेला माणूस आता मागून धावत होता. पुढे-मागे दोन पाती असलेले पी.डी. ४ हे त्यांचे यंत्र १९५२ मध्ये उडाले, पण चाचणीत त्याला अपघात झाला. स्कूटरच्या विक्रीवर श्रीमंत झालेल्या कंपनीला हेलिकॉप्टरवर आणखी खर्च करण्याची गरज वाटेना. तो विभाग बंद झाला. दास्कानियो यांच्या स्कूटरनेच त्यांच्या हेलिकॉप्टरची वाट अडवली, असे म्हणणे थोडे कठोर होईल, पण अगदी खोटेही ठरणार नाही.

१९६१ मध्ये ते पियाज्जोतून बाहेर पडले. वय सत्तर. या वयात माणसे निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडतात. दास्कानियो यांनी १९६४ मध्ये अगुस्ता कंपनीत काम स्वीकारले, कारण ती हेलिकॉप्टरे बनवीत होती. एम.व्ही. अगुस्ता या नावाच्या शर्यतीच्या मोटारसायकली त्या काळी जगभर गाजत होत्या. मोटारसायकलचा तिटकारा असलेला हा अभियंता त्याच घराण्याच्या दुसऱ्या दालनात बसून शिकाऊ वैमानिकांसाठी दोन आसनी हेलिकॉप्टरचे आराखडे काढीत होता. ते यंत्र पुढे शेतीवरील फवारणीसाठी बदलण्यात आले. त्याचे मोठे उत्पादन कधीच झाले नाही.

६ ऑगस्ट १९८१ रोजी पिसा येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी कोरादिनो दास्कानियो यांचे निधन झाले. त्या वर्षी सोलापुरातील अनेक घरांत चेतकच्या नोंदणीची पावती देवघराच्या फळीवर किंवा कपाटातल्या वहीत जपून ठेवलेली होती, आणि गाडी यायला अजून बराच अवकाश होता.